हटवारभाऊंची पश्चिमेची भिंत

ओल मोजायच्या मॉइश्चर मीटरचे दोन पिन भिंतीत टोचले आणि काटा लाल पट्ट्यात गेला. हातभर सरकून पुन्हा टोचले. तिथेही लाल. हटवारभाऊ माझ्या मागे पलंगावर बसून खोकत होते. बाहेर जुलैचा पाऊस चालू होता. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मी स्वतः उभं राहून बसवून घेतलेले फायबर सिमेंटचे नवेकोरे बोर्ड होते. एकाला तडा नाही, एकाचा रंग उडालेला नाही. आणि आतून भिंत गेल्या वर्षीपेक्षा जास्त ओली.

"काय म्हणते जी मशीन?" भाऊंनी विचारलं.

"पाहून राहिलो," मी म्हणालो. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझी पार फजिती झाली होती, एवढंच काय ते दिसत होतं.

मी जवाहरनगरला फॅक्टरीच्या इस्टेटमध्ये सिव्हिल सुपरवायझर होतो. क्वार्टरांच्या गळत्या, तुंबलेली गटारं, फुगलेले दरवाजे, यात नोकरी गेली. लोक मला इंजिनियर साहेब म्हणतात. आधी मी त्यांची ही चूक दुरुस्त करायचो, आता सोडून दिलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि भंडाऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बायको नागपूरला मुलीकडे नातवाला सांभाळायला गेली, सहा महिने म्हणून. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात कुकरच्या दोनच शिट्ट्या होतात आणि त्या मीच मोजतो. छोटीमोठी कामं घेतो ती पोटासाठी नाही, पेन्शन आहे. दिवसातून एकदा तरी फोन वाजावा म्हणून घेतो.

हटवारभाऊंचा फोन असाच आला होता, फेब्रुवारीत. चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत त्यांनी तीस वर्षं अंडरग्राउंड काढली. मग लाखनीला हायवेपासून जरा आत, धानाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना लागून घर बांधलं. चार वर्षांपूर्वी पत्नी गेल्या. मुलगा प्रवीण पुण्यात कंपनीत. घराची पश्चिमेची भिंत उघड्यावर, मध्ये एक झाड नाही की दुसरं घर नाही. पाऊस सगळा तिच्यावरच येतो. त्याच भिंतीच्या आत भाऊंचा पलंग. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाणीतल्या धुळीने छाती आधीच कमजोर आहे, ओल असलेल्या खोलीत राहू नका.

प्रवीणने सरळ हिशेब मांडला होता. यंदाच्या पावसात भिंत कोरडी राहिली तर बाबा लाखनीत राहतील. नाही तर घर विकायचं आणि बाबांनी पुण्याला यायचं.

भाऊंना जायचं नव्हतं. "नवव्या माळ्यावर मी काय करू जी? तीस वर्सं जमिनीच्या खाली होतो. आता येकदम येवढा वर कायले?"

म्हणजे माझ्याकडे आलेलं काम भिंतीचं होतं, पण त्या भिंतीवर एका माणसाचं राहणं-जाणं ठरणार होतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे इथेच कबूल करतो.

काय लावायचं यावर बरीच चर्चा झाली. नवीन प्लास्टर दोनदा करून झालं होतं, दोन्हीदा फुगलं. टाइल्स लावल्या तर वजन वाढतं, आणि मागे पाणी गेलं की ते तिथेच बसतं. पीव्हीसीचे पॅनेल दुपारच्या उन्हात पापडासारखे वाकतात. एसीपी, म्हणजे दुकानाच्या दर्शनी भागाला लावतात त्या चकचकीत शीट, त्या प्रवीणलाच नको होत्या. घर मोबाइलचं दुकान दिसेल म्हणाला. उरलं फायबर सिमेंट. सिमेंट, बारीक वाळू आणि कागदाच्या लगद्यासारखे धागे दाबून केलेली पाटी. सडत नाही, वाळवी खात नाही, आग धरत नाही. लाकडाच्या फळ्यांसारखी दिसणारी मिळते. भाऊंनी एकच विचारलं, यात अस्बेस्टॉस तर नाही ना. मी नाही म्हटलं, पाकिटावरचं वाचून दाखवलं. तरी फळ्या कापताना नागपूरच्या फिटरला मास्क लावल्याशिवाय मशीन सुरू करू दिलं नाही, आणि कापायच्या जागी स्वतः मगाने पाणी सोडत बसले. धुळीशी त्यांची जुनी ओळख होती.

आता जरा नीट सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ याच्यातच आहे. हे बोर्ड भिंतीला चिकटवत नाहीत. भिंतीवर दोन-दोन फुटांवर लोखंडी चॅनेल उभे ठोकतात आणि त्यांवर बोर्ड स्क्रूने बसवतात. त्यामुळे भिंत आणि बोर्ड यांच्यात इंचभर पोकळी राहते. कितीही सांधे भरा, वाऱ्याच्या पावसाचं थोडं पाणी आत जातंच. ते त्या पोकळीतून खाली उतरतं, तळाच्या जाळीतून बाहेर पडतं. वर छज्ज्याखाली फट ठेवतात, तिच्यामुळे हवा फिरते आणि भिंत वाळते. रेनकोट अंगाला चिकटला तर माणूस आत घामानेच भिजतो, तसंच हे. कामाचा जीव बोर्डात नाही, त्या इंचभर रिकाम्या जागेत आहे.

हे सगळं मी प्रवीणला व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटं समजावलं. कागदावर चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. तो म्हणाला, समजलं काका, करून टाका. रंगही त्यानेच निवडला, वॉलनट, म्हणजे अक्रोडाच्या लाकडासारखा. भाऊ तेव्हा आतल्या खोलीत चहा करत होते.

नोकरीतली सवय. क्वार्टरमध्ये राहणारा तक्रार करतो, मंजुरी साहेब देतो. म्हणून बोलायचं ते साहेबाशी. राहणाऱ्याला फक्त सांगायचं, उद्या माणसं येतील, सामान बाजूला करून ठेवा.

या कामाला तीन साइट व्हिजिट पुरल्या असत्या. मी अकरा केल्या. बसने लाखनीला उतरायचं, भाऊंच्या ओसरीत खुर्ची ओढायची, आलं घातलेला चहा घ्यायचा. समोर बांध्या, लांबून ट्रकांचा आवाज. दोघंही बोलायला भुकेलेले. भाऊ खाणीच्या गोष्टी सांगत. शिफ्ट सुरू झाली की आधी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार घेऊन वरचा दगड ठोकून पाहायचा. खणखणीत वाजला तर पक्का. पोकळ वाजला तर तो पडणार, त्याच्या खाली उभं राहायचं नाही. आणि जिथून मॅंगनीज काढून झालं ती पोकळी तशीच सोडायची नाही, रेतीने भरून टाकायची. त्याला ते स्टोइंग म्हणत. मी कान देऊन ऐकायचो. इतका कान देऊन बायकोचंही कधी ऐकलं नव्हतं.

मे महिन्यात काम संपलं त्या दिवशी भाऊंनी घरातली सब्बल आणली. तिच्या टोकाने बोर्डावर हलकेच ठोकलं, कान लावला, दोन पावलं सरकून परत ठोकलं.

"साहेब, हे पोकळ वाजते."

"असंच असतं ते," मी म्हणालो आणि पिशवीत टेप, लेव्हल भरायला लागलो. चारची बस पकडायची होती.

चाळीस मिनिटं पुण्याला आणि तीन शब्द लाखनीला. तेव्हा काही वाटलं नाही.

तर जुलैत ते ओल्या भिंतीचं पाहून मी छत्री घेऊन बाहेर गेलो. बोर्डाच्या तळाशी वाकलो. जाळी दिसेना. तिच्या जागी सिमेंटची गुळगुळीत पट्टी, अगदी सफाईने ओढलेली. बोर्डावर बोटाच्या पेराने ठोकलं. ठस्स. कमरेपर्यंत सगळीकडे ठस्स, वर मात्र पोकळ.

आत येऊन विचारलं, "भाऊ, बोर्डाच्या मागे काही भरलं का?"

त्यांचा चेहरा खुलला. खाणीतला माणूस चांगलं काम दाखवताना खुलतो तसा. घराच्या बांधकामातली रेती मागच्या अंगणात पडून होती. ती त्यांनी चाळली, जूनच्या उन्हात वाळवली. आधी खालची जाळी सिमेंटने बुजवली, मग शिडीवर चढून वरच्या फटीतून पत्र्याच्या नरसाळ्याने रेती सोडली. दोन चॅनेलमधली एक पोकळी कमरेपर्यंत भरली की पुढची. आठ दिवस लागले. पुरी भिंत भरायची होती, पण पाऊस आला.

"एकट्याने केलं?"

"दुसरा कोन आहे?"

सदुसष्ट वर्षांचा खोकणारा माणूस आठ दिवस शिडीवर चढ-उतर करत होता आणि बघायला कोणी नव्हतं. त्या आठ दिवसांत मी भंडाऱ्यात टीव्हीपुढे बसलो होतो. काम संपलं म्हणून जायला कारण उरलं नव्हतं. तसंच गेलो असतो तर? पण विनाकारण कोणाकडे जायचं, ही माझी रीत नाही. या रीतीची मला त्या दिवशी फार चीड आली.

मग मी त्यांना सगळं सांगितलं, जे फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. पाणी आत येतंच, ते उतरायला जागा लागते, रेतीने ते धरून ठेवलं आणि भिंतीला पाजलं. भाऊ ऐकत राहिले. समजायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. पाण्याचा निचरा काय असतो हे ते माझ्यापेक्षा जास्त जाणून होते.

"माझ्या पलंगाच्या मागंच होतं ते," ते हळू म्हणाले. "रोज वाजवून पाहत होतो. पोकळ म्हणजे पडते, येवढंच मले ठावं. तुमी सांगतलं असतं त म्या हात नसता लावला जी. मले काहून नाही सांगतलं?"

चुकलं माझं, एवढंच म्हणालो.

पावसाने चार दिवस उघडीप दिली तेव्हा फिटरला बोलावलं. खालच्या दोन ओळींचे बोर्ड काढले. ओली रेती ढासळत खाली आली आणि अंगणात तिचा ढीग झाला. भाऊ खुर्चीवर बसून पाहत होते. तळाची पट्टी त्यांनी इतकी पक्की केली होती की छिन्नीने फोडायला फिटरला अर्धा दिवस लागला. कामात खोट नव्हती, काम चुकीचं होतं. नवीन जाळी बसवली, बोर्ड परत चढवले. पण एवढी पाणी प्यालेली भिंत चार दिवसांत वाळत नाही. तिला तीन महिने तरी हवे होते.

तीन महिने प्रवीणकडे नव्हते. तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला, बॅग खाली न ठेवता आतल्या भिंतीला हात लावला आणि बाबांचा खोकला ऐकला. मी त्याला रेतीचं सगळं सांगितलं, म्हणालो की दोष माझा आहे, बाबांचा नाही, आणि दिवाळीपर्यंत थांब. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"काका, भिंत वाळेल हो. पण हे शिडीवर चढले होते. पडले असते तर मला कोणी सांगितलं असतं?"

भाऊ निघाले तेव्हा एक बॅग आणि औषधांची पिशवी एवढंच सामान होतं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, मुलाच्या नाही.

"पाहत राहाजा साहेब. भित वाळली की फोन करजा."

दर रविवारी जात राहिलो. खिडक्या उघडायच्या, मीटर टोचायचं, काटा वहीत लिहायचा. बाहेर धान निसवला, लोंब्या पिवळ्या पडल्या. मीटर लालवरून पिवळ्यात आलं, मग तिथेच अडून बसलं. माझाच धीर सुटत होता. दिवाळीच्या आधीच्या रविवारी काटा हिरव्यात आला. पाच जागी टोचून पाहिलं, पाचही जागी हिरवा. रिकाम्या घरात मी मोठ्याने "जमलं" म्हणालो आणि माझाच आवाज ऐकून मला कसंनुसं झालं.

भाऊंना फोन लावला. भिंत वाळली म्हणून सांगितलं. मग मी बाहेर गेलो, फोन बोर्डाला टेकवला आणि सब्बलीच्या टोकाने तळापासून वरपर्यंत ठोकत गेलो.

"पोकळ वाजते," ते म्हणाले.

"हो भाऊ. सगळीकडे पोकळ."

"म्हणजे बराबर आहे?"

"बरोबर आहे."

फोनमधून पुण्याच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"अजून येकडाव वाजवा जी."

मी वाजवलं. त्यांनी थांबा म्हणेपर्यंत वाजवत राहिलो.

घर विकायचं प्रवीणने सध्या रद्द केलं. बाबांना मात्र पाठवलं नाही. खोकला कमी आहे, इथलं मानवलंय, थंडी संपू दे मग बघू, असं म्हणतो. थंडी संपली, उन्हाळाही आला. भाऊ मला फोनवर विचारतात, साहेब, घर कसं आहे. मी सांगतो, एकदम कोरडं.

या कामातून मी शिकलो ते एवढंच. भिंतीचं काम ज्याला समजावून सांगायचं, तो माणूस भिंतीच्या आत झोपणारा असतो. मंजुरी देणारा नाही, कॅटलॉग बघणारा नाही. पाच मिनिटं लागतात. बस पुढची मिळते.

अजूनही रविवारी जातो. खिडक्या उघडतो, ओसरीत बसून एक कप चहा करून पितो, खिडक्या लावतो. निघताना पश्चिमेच्या भिंतीवर एकदा ठोकून पाहतो. पोकळ वाजते. काम बरोबर झालेलं आहे.