व्हॉल्व्ह तापेपर्यंत

दातांच्या डॉक्टरला एक जन्माचं दुःख असतं. समोरचा माणूस तासभर तोंड उघडून बसतो, पण एक शब्द बोलू शकत नाही! त्यामुळे मला गप्पांची भूक फार. ती भागते रविवारी सकाळी, सांगलीच्या गावभागात, तात्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. तिथं आम्ही चौघं मिळून जुने व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. म्हणजे तात्या करतात, आम्ही तिघं मध्ये मध्ये करतो. वर्षाकाठी तीन सेट कसेबसे गायला लागतात, पण किस्से इतके साठतात की जेवताना बायको म्हणते, "आधी ती भाजी संपवा, मग तुमचे तात्या."

ज्यांनी व्हॉल्व्ह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेरूएवढा काचेचा दिवा समजा. चालू केला की पोटात नारिंगी उजेड येतो, आणि अंग तापल्याशिवाय तो आवाज काढत नाही. हल्लीच्या पोरांना हे फुकटचं वाट बघणं वाटतं. आम्हाला तेच आवडतं.

आता मंडळी. तात्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. एके काळी आसपासच्या प्रत्येक जत्रेतला कर्णा त्यांच्या हाताखालून गेलेला असायचा. अण्णा आष्ट्याचे, हळदीचे व्यापारी, कट्टर जैन. सुभेदार साताऱ्याकडचे, फौजेत, बिनतारी संदेशांच्या सिग्नल दलात होते. दर रविवारी एसटीनं येतात, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर ड्रायव्हरचं नाव विचारून येतात. चौथा मी.

*

तात्यांचा एक नियम आहे. दुरुस्त केलेला सेट पहिल्यांदा चालू करताना सगळ्यांनी हात खिशात घालायचे आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. का, ते विचारायचं नाही. सुभेदार तर सावधानमध्येच उभे राहतात.

एकदा अण्णांचा मोठा सेट तयार झाला. तात्यांनी बटण दाबलं. आम्ही तिघं हात खिशात घालून, श्वास रोखून उभे. एक मिनिट झालं, दोन झाली. उजेड नाही, आवाज नाही. अण्णांच्या कपाळावर घाम. तात्या डोळे मिटून उभे. नियम म्हणजे नियम, कोण बोलणार?

पाच मिनिटांनी तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. आमच्याकडं एकदा बघितलं, सेटकडं बघितलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "लाईट गेलीया की मघाशी!"

*

हा अण्णांचा सेट फलटणकडच्या एका बंद पडलेल्या थिएटरातला. आणल्या दिवशी तात्यांनी मागची जाळी काढली, तर ट्रान्सफॉर्मरच्या बगलेत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. तात्यांनी ब्रश उचलला.

"थांबा!" अण्णा ओरडले. "आत जीव असंल तर?"

"आवं अण्णा, माशी हाय ती."

"माशी असली म्हणून काय झालं? तिनं घर बांधलंय. पिल्लं बाहीर पडू देत, मग करा काय ते."

झालं! सेट तसाच उघडा खिडकीपाशी ठेवला. अण्णा दर रविवारी आले की आधी बॅटरीच्या उजेडात घर बघायचे, मग आमच्याशी बोलायचे. तीन आठवडे काम बंद. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला तो सेट फार आवडला. विचारू लागलं, "तात्या, हा कवा हुणार तयार?"

तात्या शांतपणे म्हणाले, "भाडेकरू हायत आत. जागा खाली केली की हात लावतो."

*

माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतो. सेटच्या पोटात बघायला मी दवाखान्यातला तोंडात घालायचा आरसा नेतो. वायरींच्या जंगलात तो फार कामाचा. पण रविवारचं वारं सोमवारपर्यंत डोक्यात राहतं. एका बाईंच्या दाढेत भरलेली जुनी चांदी निघाली होती. आरसा घालून मी बघितलं आणि म्हणालो, "काही नाही, जुना डाग सुटलाय. साफ करून परत सोल्डर मारून देतो."

बाईंनी माझा हात बाजूला केला, उठून बसल्या आणि भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट पहिल्या ओळीपासून वाचून काढलं.

*

सुभेदारांनी पाचगणीहून एक सेट आणला. कुणा म्हाताऱ्या गृहस्थांच्या बंगल्यातला, सोबत रेकॉर्ड प्लेअर. तात्यांनी त्याला असा काही जिवंत केला की ऐकत राहावं. अडचण एकच. सुभेदारांकडे रेकॉर्ड होती एकुलती एक, तीही त्या बंगल्यातूनच आलेली, इंग्रजी संभाषण शिकवणारी!

पण माणूस फौजी. आहे त्यात भागवायची सवय. रोज संध्याकाळी खुर्ची मधोमध ठेवून, डोळे मिटून ते ऐकायचे: "गुड इव्हिनिंग. हाऊ डू यू डू? प्लीज कम इन." आम्हाला फोन करून सांगायचे, "डॉक्टरसाब, त्या 'प्लीज'मधला 'प' असा उमटतो ना, की बास!"

शेवटी आम्ही चांगल्या पाच-सहा रेकॉर्ड घेऊन त्यांच्या गावी गेलो. दारात वहिनी उभ्या. डोक्यावर पदर, हातात शेणाची पाटी. आम्हाला बघून हसल्या आणि झोकात म्हणाल्या, "गुड इव्हिनिंग! प्लीज कम इन! चा टाकू न्हवं?"

आम्ही नेलेल्या रेकॉर्ड अजून पिशवीतच आहेत. वहिनींचा अभ्यास पुरा झाल्याशिवाय सुभेदार बदलणार नाहीत.

*

आता जरा जिवाला लागलेली गोष्ट सांगतो.

दोनएक वर्षांपूर्वी आमच्या लक्षात आलं की तात्यांना ऐकू कमी येतंय. मागून हाक मारली तर वळत नाहीत. दुकानातला फोन वाजून वाजून बंद पडतो. आम्ही दारात चहा पीत कुजबुजलो. कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं का? सांगायचं का?

सांगायची भीती होती, कारण तात्यांचा शब्द आम्हाला माहीत होता. कितीतरी वेळा म्हणालेले, "कानावर पोट हाय आमचं. आवाजातली खोट कळायची बंद झाली की त्याच दिशी शटर खाली. लोकांचं सेट बिघडवत बसणार न्हाई." आणि तात्या बोलले की करतात. दुकान बंद झालं तर हा माणूस घरात बसून काय करेल? काकू एकदा हळूच मला म्हणाल्या होत्या, "रविवार हाय म्हणून बाकीचं सा दिस निघत्यात त्यांचं."

म्हणून आम्ही ठरवलं, त्यांना कळू द्यायचं नाही. सुभेदारांनी लगेच मोहीम आखली. सेटमध्ये घरघर राहिली असेल तर अण्णांनी टोपी सरळ करायची. आवाज फाटत असेल तर मी खोकायचं. तात्या नजरेनं बघतील, त्यांना अंदाज येईल, त्यांचा मानही राहील. "फुलप्रूफ!" सुभेदार म्हणाले.

पहिल्याच रविवारी सेट चालू झाला. आम्हा तिघांनाही आवाज चोख वाटला. अण्णांची टोपी जागेवर, मी गप्प. तात्यांनी नेहमीप्रमाणं आम्हाला बाहेर चहाला पिटाळलं. शेवटची तपासणी ते एकटेच करतात. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "डाव्या बाजूला बारीक घरघर हाय. कंडेन्सर बदलाय पायजे."

आम्ही आत जाऊन स्पीकरला कान लावला. होती! मुंगीनं पाय घासावेत एवढी, पण होती.

बाहेर आल्यावर सुभेदारांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "मामला साफ आहे. ह्या माणसाला सगळं ऐकू येतं. फक्त आपलं ऐकायचं नाही त्याला!"

*

पण हाका वाया जातच होत्या. अण्णांना राहवेना. त्यांनी कानाचं मशीन आणलं, एकदम चांगलं. आता ते तात्यांना द्यायचं कसं? अण्णांनी व्यापाऱ्याचं डोकं चालवलं. बॅटरी मुद्दाम उलटी बसवली आणि म्हणाले, "तात्या, एका पावण्याचं मशीन हाय. बिघडलंय. जरा कानात घालून बगता का?"

बेत असा, की तात्या दुरुस्त करतील, तपासायला कानात घालतील, एकदम सगळं ऐकू येईल, आणि मग काढावंसंच वाटणार नाही.

तात्यांनी मशीन उघडलं. भिंगातून बघितलं. बॅटरी सुलटी केली. मग उठले, अण्णांच्या जवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मशीन स्वतःच्या हातानं अण्णांच्या कानात घातलं.

"पावण्याचं कशाला सांगताय, अण्णा?" ते मायेनं म्हणाले. "वय झालं की व्हतंय असं. त्यात लाजायचं काय? आमी कुणाला बोलणार न्हाई."

अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. मशीन शिट्टी मारायला लागलं तरी त्यांना काढायचं सुचेना. पुढचे चार रविवार तात्या अण्णांशी ओरडून बोलत होते, आणि काकू अण्णांचा चहा हातात देताना डोळ्यांनी खुणा करत होत्या.

*

आणि हे गेल्या महिन्यातलं. अजून मी अण्णांना आणि सुभेदारांना सांगितलेलं नाही.

मंगळवारी दुपारी तात्या दवाखान्यात आले. एकटेच. गाल सुजलेला. खुर्चीत बसवलं, फोटो काढला. खालचा एक दात मुळापासून हलत होता, आजूबाजूचे चारपाच बरे. मी मास्क वर केला आणि म्हणालो, "तात्या, हा काढून टाकू. दोन मिनिटांचं काम."

तात्या नुसते माझ्याकडं बघत राहिले.

मी परत, मोठ्यानं सांगितलं. काही नाही.

"डाक्टर," ते म्हणाले, "ते मास्क काढा आधी. त्योंड दिसल्याबिगर मला कळत न्हाई."

मी मास्क खाली ओढला. तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, "दात... काढावा... लागेल."

तात्या ताडकन उठून बसले. "ह्यो? ह्यो न्हाई! बाकीचं सगळं काढा, ह्याला हात लावायचा न्हाई!"

"अहो, पण तो हलतोय."

तात्यांनी खिशातून त्यांचा जुना, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. गळ्यात माझा कागदी रुमाल तसाच. उठून कोपऱ्यात घरघरणाऱ्या हवेच्या कंप्रेसरपाशी गेले. स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्या हलत्या दातावर धरली, जबडा अलगद मिटला आणि दुसरं टोक कंप्रेसरच्या अंगाला टेकवलं. डोळे मिटले. गाल दुखत असणार, पण चेहऱ्यावर काही नाही. दुकानात आम्हाला चहाला पिटाळल्यावर ते आत काय करतात, ते मला पहिल्यांदा दिसलं.

अर्ध्या मिनिटानं त्यांनी मूठ तोंडातून काढली.

"मोटरचं मागचं बेअरिंग झिजाय लागलंय," ते म्हणाले. "ह्या आठवड्यात बदलून घ्या, न्हाईतर बसंल."

मी कंप्रेसर बंद केला. मग तोंड त्यांच्याकडं करून विचारलं, "कान कधीपासून गेले, तात्या?"

"अडीच वर्सं हुतील. बाकीच्या दातांवर बी बघितलं. ह्याच्यावर ऐकू येतंय तसं कशावर येत न्हाई."

मी त्यांना परत खुर्चीत बसवलं. सूज उतरायचं औषध दिलं, आणि शनिवारी बोलावून तो दात बारीक तारेनं दोन्ही बाजूंच्या दातांना बांधून घेतला. माझ्या तेवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतक्या जपून मी दुसरा दात बांधलेला नाही. काम झाल्यावर तात्यांनी जीभ फिरवून बघितली, खिशातली मूठ दाताखाली धरून बघितली. मान हलवली.

"किती दिस टिकंल?"

"जपून वापरलात तर दोन वर्षं."

"दोन वर्सं?" तात्या चपला घालत म्हणाले. "टेबलाखाली पाच सेट पडल्यात. हुतंय की तेवढं!"