साक्षीतली बाई

वेल्डरला प्रभू भेटला, त्याचं तारण झालं, तेव्हा अभिनंदन मात्र त्याच्या बायकोचंच झालं. बाजारातल्या टीचभर दुकानात ती कपडे दुरुस्त करायची. पँट आखूड कर, चेन बदल, उसवलेलं शिव. गिऱ्हाइकं म्हणायची, "नशीब उघडलं गं बाई तुझं!"

खोटं नव्हतं. पूर्वी हा माणूस बाहेर लोखंड जोडायचा आणि घरी येऊन मोडतोड करायचा. बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यानं बाटलीला हात लावला नव्हता. सकाळी गुडघे टेकायचा, तिला चहा करून द्यायचा. पण दर रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब त्याला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, पुढे बोलवायचे, आणि तो सगळं सांगायचा. बायकोला केसांना धरून जिन्यावरून कसं ओढलं, ती कशी गयावया करत होती. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या आणि वळून तिच्याकडे बघायच्या. ती मान खाली घालून बसलेली असायची. उठून जायची सोय नव्हती. गेली असती तर नवऱ्याचं भलं हिला बघवत नाही, असं लोक म्हणाले असते.

एकदा उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या बायकोनं, पाळकबाईंनी, तिला बाजूला घेतलं. "तो नवा माणूस झालाय. तू अजून मनात धरून बसलीस होय? क्षमा कर, म्हणजे तुझाही नवा जन्म होईल."

"नवा जन्म त्यांचा झाला, बाई. मी जुनीच आहे. मार जुनीलाच बसलाय."

मागे नवरा उभा होता. त्यानं ऐकलं.

घरी दोघं जेवायला बसले. फळीवरचा डबा काढायला त्यानं हात वर केला, तशी ती झटकन मागे सरली. पाठ भिंतीला लागली.

"अजून घाबरतेस?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच तर विसरू देत नाही."

"अगं, मी प्रभूच्या गौरवासाठी सांगतो."

"त्याचा गौरव होतो. मला मात्र सगळ्यांसमोर पुन्हा त्या जिन्यावरून ओढता. आणि वर मीच आमेन म्हणायचं."

तो डबा न काढताच खाली बसला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी हाक मारली. तो उठला, पण जागेवरच उभा राहिला. "प्रभूनं मला क्षमा केली," तो म्हणाला. "हिची मात्र मी कधी क्षमा मागितलीच नाही. जिन्याची गोष्ट हिची आहे. मी ती आता सांगणार नाही."

आमेन कुणीच म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं.

संध्याकाळी त्यानं क्षमा मागितली. ती म्हणाली, "बघू."

बायकोनं चांगल्या माणसाची साक्ष बंद पाडली, असं मंडळीत सगळे म्हणू लागले. पाळकबाई तिच्या मनपरिवर्तनासाठी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगू लागल्या, तेही तिच्यासमोर. तरी ती जात राहिली. न जाण्याचं कारण सांगणार कुणाला?

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. शिवता शिवता तिचा पाय मशीनवर थांबला आणि ती पुटपुटली, "देवा, यांना हात देऊन वर काढलंस. मी कुठे अडकलेय, ते तरी दिसतंय ना तुला?"


कुणाकडून न शिकता केलेली ही तिची पहिली प्रार्थना. उत्तर आलं नाही. तिनं डोळे पुसले आणि चेन लावायला घेतली.