आजारी कुत्र्याची विचारपूस

आमच्या कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याला बघायला जेवढी माणसं आली तेवढी माझ्या बाळंतपणातही आली नव्हती. गास गावात आमची भाजीची वाडी आहे. तिथे बकरीमागे धावताना त्याचा मागचा उजवा पाय मुरगळला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. सासूबाईंनी आधी हळदीचा लेप लावून पाहिला, तो त्याने चाटून टाकला. डॉक्टर म्हणाले, हाड कापून, थोडं फिरवून, धातूची पट्टी आणि स्क्रूने बसवावं लागेल. मग लिगामेंट नसलं तरी गुडघा सरकणार नाही.

"कापलेल्या पायाने तो परत वाडीत धावनार हाय का?" सासूबाईंनी मला विचारलं. त्याला त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"धावणार," मी ठासून सांगितलं. सांगितलं खरं, पण खात्री मलाही नव्हती.

ऑपरेशन छान झालं. पुढे उड्या बंद, जिना बंद. ओटीवर जाळी लावून त्याला आत ठेवलं आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या आळीत आजाऱ्याकडे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. कुणी उकडलेलं अंडं आणलं, कुणी पाव. शेजारच्या काकी तर रोज भाजलेला सुका बोंबील घेऊन हजर! हा लबाड पाय उचलून धरायचा, सगळ्यांकडून "बिचारा" म्हणवून घ्यायचा आणि खायचा.

त्याला मोकळं सोडायची परवानगी मिळाली, तरी लंगडणं जाईना. पुन्हा एक्स-रे काढला. हाड नीट जुळलेलं, मांडीही भरलेली.

"त्याला दुखत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "वजन मात्र वाढलंय. खाणं कमी करा."

सासूबाईंना काही ते पटलं नाही. त्या नुसत्या त्याचा गुडघा कुरवाळत बसायच्या. "धावणार" असं मीच ठासून सांगितलं होतं, ते मला लागायचं.

एका सकाळी आम्ही दोघी वालाच्या शेंगा तोडत होतो. कुत्रा बांधावर पसरला होता. तीच बकरी कुंपणातून आत घुसली आणि हा उठला तो चारही पायांवर असा सुटला, की बकरी बाहेर पळाली तरी थांबेना. सासूबाईंच्या ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या.

"धावला गो!" एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मलाही रडू आलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काकी कुंपणाशी आल्या, हातात बोंबील. कुत्र्याने त्यांना पाहिलं, चाल मंद केली आणि उजवा पाय हळूच वर उचलला.

"कसा हाय गो पाय त्याचा?" काकींनी विचारलं.

मी सांगणारच होते. सासूबाईंनी माझा हात दाबला.

"दुखतो अजून थोडा," त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "पन बोंबील अर्धाच दे. डॉक्टर वजनासाठी ओरडतात."