बासष्ट सह्या

आर्नी कोस्केला सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमा करायचा. अकरा वर्षं एकच सिनेमा: लोखंडाची खाण बंद पडल्यावर आमच्या गावात मागे राहिलेल्या माणसांचा. कॅमेरा तोच धरायचा, आवाज तोच घ्यायचा, संकलनही तळघरात एकट्यानेच. "आर्नी, आमच्यापैकी कोणी मेल्याशिवाय तुझ्या सिनेमाचा शेवट होत नाही वाटतं," असं गुत्त्यावर त्याला चिडवत. तो हसायचा आणि खिशातून संमतिपत्र काढायचा. पडद्यावर दिसेल त्याची सही हवीच, हा त्याचा नेम. पाद्री, गुत्तेवाला, क्षणभर बर्फ उपसताना दिसलेला पोस्टमन, कुणीही सुटलं नाही.

अखेर एका वाहिनीने सिनेमा घ्यायचं ठरवलं. महिनाअखेर सगळी संमतिपत्रं पाठवायची होती. मी शाळेच्या ऑफिसात हिशेबनीस, म्हणून कागद लावायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक नाव चित्राशी ताडून पाहिलं. माणसं त्रेसष्ट, सह्या बासष्ट.

"मार्लीसची नाही," मी म्हटलं.

त्याने यादी माझ्याकडून घेऊन पुन्हा वरून खाली वाचली. "बायकोची सही कोण घेतं रे?"

मार्लीस त्याला सोडून गेली त्याला सात वर्षं झाली होती. सिनेमाचा शेवट मात्र तिचाच होता. पडवीतल्या झुलत्या खुर्चीत, हातात कॉफी, कॅमेऱ्याकडे बघून ती हसते. सारा सिनेमा त्याने त्या हसण्यापाशी आणून ठेवला होता.

शनिवारी तो डुलुथ शहरात तिच्याकडे गेला. मी बरोबर येतो म्हटलं, तर नको म्हणाला. परत आल्यावर त्याने थोडक्यात सांगितलं. तिने कॉफी दिली, केक दिला, तो शेवट दोनदा पाहिला आणि कागद परत सरकवला.

"तेव्हा विचारलं असतंस तर दिली असती, आर्नी. तेव्हा तू मला काहीच विचारायचा नाहीस."

त्याने वाद घातला नाही. घरी येऊन तिचं हसणं काढून टाकलं. ती उठून गेल्यावरही कॅमेरा थोडा वेळ चालू राहिला होता. तेवढंच उरलं: रिकामी खुर्ची, झुलत झुलत थांबणारी. मी यादी दुरुस्त केली. माणसं बासष्ट, सह्या बासष्ट. आर्नी स्वतः सिनेमात कुठेच नव्हता, त्यामुळे त्याची सही लागली नाही.

पहिला खेळ ग्रंथालयात झाला. सगळ्यांना ती खुर्चीच आवडली. पाद्र्याने विचारलं, हे सुचलं कसं?

"कुणीतरी नुकतंच उठून गेलं होतं," आर्नी म्हणाला, आणि हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या मिटू लागला.