भावी कॅप्टनच्या बोर्डाची चौकशी

आमच्याकडं मित्राचा वाढदिवस आला की कोपऱ्यावर डिजिटल बोर्ड, म्हंजे फ्लेक्स, लागतोच. आणि बोर्डावर माणूस नुसता माणूस नसतोय, तो भावी कायतरी असतोय. भावी नगरसेवक, भावी आमदार. मी बोर्डाच्या दुकानातच डिझाइन करतोय, त्यामुळं असले भावी माझ्या हातनं किती गेले त्याला गणतीच न्हाय. म्हणून दोस्ताच्या वाढदिवसाला फोटोखाली 'आमचा भावी कॅप्टन' टाकताना मी एक सेकंदबी विचार केला न्हाय.

आम्ही दोघं शिवाजी पेठेतले, एकाच तालमीत फुटबॉल खेळत वाढलेलो. तो स्ट्रायकर, लय म्हंजे लयच भारी! फुटबॉल लीगमधी पुण्याकडच्या टीमनं त्याला दोन वर्षांच्या करारावर घेतलता. मी हितल्या, कोल्हापूरच्या टीमचं पेज सांभाळायचो. सवयीनं बोर्डाच्या कोपऱ्यात आमच्या टीमचा लोगो गेला. आणि लीगचा सगळ्यात कडक नियम हा, की करार चालू असलेल्या खेळाडूला दुसऱ्या टीमनं फूस लावायची न्हाय. कुणीतरी बोर्डाचा फोटो काढून लीगला पाठवला.

आठवड्यात चौकशी समिती आली. एका हॉटेलच्या हॉलमधी तिघंजण, शेजारी जबाब टाइप करणारा एक. आल्या आल्या आमचे फोन घेतले, चॅट बघितली, कुणी कुणाला कधी फोन केलता ते बघितलं. जबाब संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचं न्हाय म्हणाले. दोस्त माझ्या आधी आत गेला. बाहेर येऊन समोरच्या खुर्चीवर बसला आणि फरशीकडं बघत राहिला.

मग मला बोलावलं.

"हा बोर्ड कुणाच्या सांगण्यावरून केलात?"

"कुणाच्याबी न्हाय सर. आमच्याकडं पद्धतच हाय."

"कॅप्टन कुठल्या टीमचा?"

"कुठल्याच न्हाय ओ. भावी म्हंजे... असंच लिहित्यात."

त्यातला एक जाडजूड साहेब हसला. बाकीच्या दोघांना म्हणाला, "अहो, यांच्याकडं कुत्र्याच्या वाढदिवसालाही बोर्ड लागतो."

सगळेच हसले. मला वाटलं, सुटलो! ह्यांना कळलं. आता सगळं नीट समजावून सांगू, म्हंजे विषयच संपला. मी सुटलोच मग.

"व्हय की सर! आमच्यात सगळं असंच असतंय. मागच्या रविवारी आमच्या टीमचं मटण हुतं, तोबी आलता जेवायला. सेक्रेटरी काका त्याच्या पाठीत थाप मारून म्हणाले, 'पुढच्या वर्षी आमच्याकडं ये की मर्दा, घरचं ग्राउंड हाय.' सगळी हसली. तसलंच हे."

हॉलमधी फक्त टायपिंगचा आवाज येत हुता.

"तो काय म्हणाला?"

"बघू की, म्हणाला." माझा आवाज खाली आलता.

"कुणी विचारणा केली तर खेळाडूनं आपल्या टीमला कळवायचं असतं. आम्ही त्याला आत्ताच विचारलं. मला कुणीच कधी विचारलं नाही, असं लिहून दिलंय त्यानं."

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी ते विचारणं नव्हतंच, जेवण हुतं. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर जाडे साहेब म्हणाले, "सही करा."

निकाल मेलनं आला. आमच्या टीमला ताकीद. त्याला एक सीझन बंदी, विचारणा लपवली आणि खोटा जबाब दिला म्हणून. पुण्याच्या टीमनं त्याच दिवशी करार मोडला. अपील करायचं तर सात दिवसांत.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. "तू लिहून दे. घाबरून कायबी बोललो, काका असं म्हणालेच न्हाईत, म्हणून."

"देतो की! आत्ता देतो," मी म्हणालो.

टाइप करायला मला चार मिनिटं लागली. पाठवायच्या आधी काकांना वाचून दाखवलं, हीच माझी अक्कल. काका म्हणाले, "जबाब फिरवलास तर आम्हीच तुला शिकवलं म्हणतील. टीम लीगमधनं बाहेर जाईल. बाकीच्या पोरांनी काय करायचं? बघ बाबा तुझं तू." खरं तर माझीबी फाटली हुती. लीगनं मला खोटारडा ठरवलं तर पेज जाईल, स्टेडियमचा पास जाईल, हे असलं मी तेव्हा मोजत हुतो. मेल तसाच पडून राहिला.

सातव्या दिवशी दुपारी तो परत आला. तवर तो शिरोलीला फाउंड्रीत लागलाता, नखांत काळी वाळू हुती.

"पाठवलंस?"

"न्हाय."

मला वाटलं, कानाखाली देईल. द्यायला पायजे हुती. त्यानं स्टूल ओढलं, बसला, मी सांगितलेला चहा प्याला. स्क्रीनवर कुणाच्यातरी बारशाचा बोर्ड हुता, तो बघत राहिला.

"तुझ्या आईची शुगर किती आली रं?" त्यानं विचारलं.

मी सांगितली.

"गोळ्या चुकवू नकोस तिच्या," म्हणाला, आणि सेकंड शिफ्टला निघून गेला.