आधीच सांगणारा संशयित

आजही कुणाचा ठसका ऐकला की मला ती रेडकं आठवतात. तेव्हा मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी चाललेली, तेवढ्यात एक गोठेवाला फिर्याद घेऊन आला.

"साहेब, चार बाजारांतनं वीस रेडकं आणली. पाच दिसांत दोन मेली. शेजाऱ्यानं इख घातलंय."

"विष घालताना बघितलं कुणी?"

"बघायचं काय त्यात? ट्रकातनं उतरतानाच बोललाय की, आठ दिसांत खोकतील, दोन-चार जातील."

दोघांचं बांधावरनं जुनं वैर. त्यात धमकी, त्यात मेलेली जनावरं. मला वाटलं, जेवायच्या आत आरोपी हजर.

मेलेल्या रेडकांचं शवविच्छेदन लावलं, चाऱ्या-पाण्याचे नमुने सील केले. गोठेवाल्याला म्हटलं, "कुणाला आत सोडायचं न्हाय." त्यानं चारी बाजूंनी ताडपत्री ओढून दाराला कुलूप घातलं. मी शाबासकी दिली आणि किल्ली देऊन एक शिपाई आतच बसवला; दुसरा शेजाऱ्याच्या दारात उभा केला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला बोलावलं. म्हातारा, पण उत्तरं तोंडावर. पोलिसाला असल्या माणसाचा लई संशय येतो.

"मामा, खोकणार हे तुमाला आधीच कसं कळलं?"

"चार बाजारची जनावरं, दोन दिस ट्रकात उभी. दमल्याली एकत्र कोंडली तर खोकणारच की. त्याला म्हटलं, थोडी थोडी निराळी बांध, वारं खेळू दे. माझं ऐकतोय कोण?"

"विषय बदलू नका."

"बरं, मला आत टाका. पण ती ताडपत्री काढा साहेब, आणखी मरतील."

आरोपी काळजीनं बोलायला लागला की आमचा संशय दुप्पट होतो. मी जबाब लिहायला कागद ओढला, तोच गोठ्यावरच्या शिपायाचा फोन.

"साहेब... तिसरं गेलं. मला पण... खोकला लागलाय. ड्यूटी बदला." दर दोन शब्दांना एक ठसका.

म्हातारा तर कालपासून आमच्या नजरेखाली. मग शिपायाला इख कुणी घातलं?

जीप काढली. आत पाऊल टाकलं तर मुताच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी. रेडकं मान लांबवून धापा टाकत होती, नाकं वाहत होती. जनावरांचे डॉक्टर तिथंच भेटले. म्हणाले, "पोटात विषाची लक्षणं नाहीत. फुफ्फुसं खराब झालीत. एकाचा आजार सगळ्यांना लागला. शिपायाचा ठसका या वाफेचा. आधी हवा येऊ द्या."

मी ताडपत्रीला हात घातला. गोठेवाला आडवा आला, "साहेब, तिकडनं त्याच्या घरचे बघत्यात."

"बघू देत. नजरेनं मेली तर नजरेवर गुन्हा नोंदवतो. सोड दोरी."

आजारी रेडकं निराळी बांधली, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. आणखी एक गेलं, बाकीची तगली.

म्हाताऱ्याला सोडताना म्हटलं, "मामा, तुमचं बरोबर हुतं."

तो चपला शोधत म्हणाला, "ते मला कालबी ठाऊक हुतं."

तपासणी अहवालातही पुढं विष निघालं नाही. मी डायरीत 'घातपात नाही' एवढंच लिहिलं. तिसरं रेडकू माझ्या बंदोबस्तात मेलं, हे लिहायला तिथं रकाना नव्हता. त्यानंतर नोकरीभर, आधीच इशारा देणाऱ्या माणसाला मी पहिली खुर्ची दिली. संशय काय, तो बसल्यावरही घेता येतो.