मरणाआधीचं जेवण

आर्वेला मन्सी नावाच्या बाईच्या हातचं खायचं, तर बक्‌हॉर्नच्या खोऱ्यात आधी कुणाला तरी मरावं लागे. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खोऱ्यातल्या चर्चच्या तळघरात मयताचं जेवण तीच रांधी: भाजलेलं हॅम, चीज घातलेले बटाटे, केळ्याचं पुडिंग. खाणी बंद पडल्यापासून तिला उसंत नव्हती. सुरुवात झाली ती डॉक्टरांनी पाठदुखीवर दिलेल्या, सवय लावणाऱ्या गोळ्यांनी. मग मिळेल ती पूड, मिळेल ती सुई. जाणारे बहुतेक तिशीतले. पण पेपरात सगळे ‘अचानक, राहत्या घरी’ जात. अख्खं खोरंच नाजूक हृदयाचं निघालं म्हणायचं.

सरकार हातावर हात ठेवून बसलं, असं मात्र कुणी म्हणू नये. गोळ्यांच्या कंपन्यांकडून भरपाई आली. तिच्यातून शेरीफला नवी गाडी मिळाली आणि कचेरीसमोर मृतांच्या नावांचा दगड उभा राहिला. पुढच्या नावांसाठी खाली जागाही सोडली होती; एवढी दूरदृष्टी सरकारात एरवी दिसत नाही. थांबलेला श्वास परत आणणारा नाकातला फवारा आरोग्य केंद्रात फुकट मिळे, पण तिथे कोणी फिरकत नसे. दारात गाडी दिसली की गावभर होई.

आर्वेला मात्र तिथे गेली आणि पिशवी भरून फवारे घेऊन आली. दुसऱ्या दिवशी बटाट्यांच्या भांड्यावर फवाऱ्याची एक डबी ठेवून ती शेजारच्या रूथअ‍ॅनच्या दारात उभी राहिली. आत रूथअ‍ॅनचा मुलगा कोडी सोफ्यावर नशेत पेंगत होता.

रूथअ‍ॅन भांड्याकडे पाहून पांढरीफटक पडली. “हे काय गं? माझा पोरगा मेला नाहीये अजून.”

“म्हणून तर आणलं. मेल्यावर सगळ्याच आणतील.”

“लोक काय म्हणतील?”

“ते काय, मेल्यावरही म्हणतातच. हा फवारा एका नाकपुडीत मारायचा आणि लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. बटाटे गरम करून खा.”

रूथअ‍ॅनने तोंडावर दार आपटलं. पण भांडं आत घेऊन आपटलं.

शनिवारी कोडी न्हाणीघरात निळा पडला. रूथअ‍ॅनने फवारा मारला, आणि थोड्या वेळाने पोरगा शिव्या देत उठून बसला. त्या शिव्या ऐकून ती रडली.

रविवारी प्रार्थनेनंतर आर्वेलाने अंगणात चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन होबर्टला गाठलं. तळघराच्या किल्ल्या त्याच्याकडे असत.

“किल्ली दे रे. रूथअ‍ॅनकडे जेवण पाठवायचंय.”

होबर्टने टोपी काढली. “अरेरे. गेला का पोरगा?”

“नाही. वाचला.”

त्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. “मग जेवण कशाचं? वाचलेल्यांसाठी तशी पद्धत नाही आपल्यात.”

आर्वेलाला आधी संताप आला, मग त्याची फार कीव आली. होबर्टचा स्वतःचा मुलगा असाच गेला तेव्हा याच तळघरात सगळं खोरं जेवून गेलं होतं. मुलगा जिवंत होता तोवर त्यांच्या दारात कुणी पाय ठेवला नव्हता. होबर्टला अजून वाटत होतं, लोक फार चांगले वागले.